प्रोटॉन थांबतो कोठे?



कर्करोगावर क्ष-किरणांचा उपचार शतकाहून अधिक काळ होत आला आहे. परंतु क्ष-किरण गाठीपाशी थांबत नाहीत. ते आरपार जातात आणि वाटेतील निरोगी पेशींनाही इजा करतात. प्रोटॉनचा स्वभाव निराळा. तो आपल्या प्रवासाच्या अखेरीस सर्वाधिक ऊर्जा देतो आणि तेथेच थांबतो. हा गुण उपचारासाठी वापरावा, असे १९४६ साली रॉबर्ट विल्सन यांनी सुचविले. १९५४ साली अमेरिकेत बर्कली येथे पहिल्या रुग्णावर उपचार झाले.

मात्र तो नेमका कोठे थांबतो? हे गणित आजही बहुधा क्ष-किरणांच्या सीटी स्कॅनवरून मांडले जाते. त्यात सुमारे तीन टक्के चूक गृहीत धरावी लागते. सोळा सेंटिमीटर खोलीवर ती पाच मिलिमीटर होते! लहान मुलाच्या मज्जारज्जूलगत गाठ असेल, तर हे पाच मिलिमीटर म्हणजे त्याचे उभे आयुष्य.

येथे सिलिकॉनचे डिटेक्टर उपयोगी पडतात. हवेत विद्युतभारांची एक जोडी निर्माण होण्यास सुमारे ३४ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. सिलिकॉनमध्ये केवळ ३.६. त्यामुळे पातळ चकतीही एकेका प्रोटॉनची नोंद घेते. रुग्णाच्या पुढे व मागे अशा चकत्या ठेवून प्रोटॉनचा मार्ग टिपावयाचा, उरलेली ऊर्जा मोजावयाची आणि प्रोटॉनकडूनच शरीराची प्रतिमा घ्यावयाची, असे संशोधन कॅलिफोर्नियात लोमा लिंडा व सांताक्रूझ येथील शास्त्रज्ञांनी केले आहे.

अर्थात सिलिकॉनही झिजते. प्रारणाच्या माऱ्याने त्याची स्फटिकरचना बिघडते, संवेदनक्षमता घटते. म्हणून जो मोजतो, त्यालाही पुनःपुन्हा तपासून घ्यावे लागते.

आपल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार होत आहेत. तेथील यंत्र बेल्जियमचे आहे. परंतु भाभा अणुसंशोधन केंद्र व बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने सर्नमधील सीएमएस प्रयोगासाठी सिलिकॉनचे डिटेक्टर घडविले आहेत, हेही आपण विसरू नये. यंत्र विकत घेता येते. मोजमापाची विद्या मात्र स्वतःच कमवावी लागते. भौतिकशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी ती हाती घ्यावी, एवढीच विनंती करून मी थांबतो.