काटा कुणी तपासला?

(नेरूळच्या युवक मेळाव्यातलं भाषण)



मी न्हावा-शेव्याच्या बंदरावर कंटेनर बांधणारा माणूस. शिक्षण दहावी, गणितात काठावर पास. तरी आज गणितावरच बोलणार.

जहाजावर चढण्याआधी कंटेनरचं वजन दाखवावंच लागतं. रात्रपाळी असो की दिवसपाळी, टन तो टनच. इंजिनिअरिंगच्या सीईटीत तसं नाही. पाळीगणिक पेपर वेगळा. २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे. मग ते तोलतात कसे? पर्सेंटाइलनं. तुझ्या पाळीत शंभरातले किती जण तुझ्याइतके किंवा तुझ्याखाली, एवढंच मोजायचं. गृहीत काय, तर प्रत्येक पाळीत पोरं सारख्याच ताकदीची. आणि या गृहीतावर दशांशाचे सात आकडे!

२७ एप्रिल २०२५. एका पाळीत गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. ५ मेला त्या पोरांना पुन्हा बसवलं. पेपर काढणाऱ्यांचं मेरिट कुणी विचारलं? मेरिट विचारायचं ते फक्त आपल्याला.

धाकटी बहीण म्हणाली, "दादा, मैत्रिणीचे नि माझे मार्क सारखे, मग ती पुढं कशी?" म्हटलं, "तिची पाळी वेगळी. तू किती हुशार ते यातून कळत नाही. रांगेत कुठं उभी, तेवढं कळतं."

वेगळे पेपर तोलायला काहीतरी लागणारच, ते मला मान्य. पण रांगेतल्या नंबराला लायकी म्हणू नका. सातव्या दशांशावरून कुणी तुम्हाला हिणवलं तर मान खाली घालू नका, त्यालाच विचारा : काटा कुणी तपासला?

जय भीम!