विद्यार्थ्यांसाठी खोल्या : भाड्याच्या पिकाचा ताळेबंद

(पुणे शहरालगतच्या गावांतील शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



कृषिविद्या शिकविणाऱ्याने घरभाड्यावर बोलावे हे काहींना विचित्र वाटेल. परंतु आंबेगाव, धायरी, लोहगाव, वाघोली या पट्ट्यात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत झालेला सर्वांत मोठा पीकबदल हाच आहे. महाविद्यालये आली, त्यांची वसतिगृहे अपुरी पडली आणि ज्वारी-कांद्याच्या रानात विद्यार्थ्यांच्या खोल्या उभ्या राहिल्या. अनेक घरांना या भाड्याने हात दिला आहे. त्यामुळे या धंद्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र आपण कांद्याचा एकरी खर्च तोंडपाठ सांगतो आणि खोल्यांचा हिशेब कोणीच मांडत नाही.

या पिकाला हंगाम आहे. परीक्षा संपल्या की मुले मे महिन्यात गावी जातात. अभियांत्रिकीच्या प्रवेशफेऱ्या लांबल्या की नवे विद्यार्थी यायला ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो. म्हणून वर्षाचे भाडे बारा महिन्यांनी गुणू नये, दहाने गुणावे.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. समजा, दहा खोल्या बांधल्या आणि प्रत्येकीचे भाडे महिना ६,००० रुपये आहे. कागदावर वर्षाचे ७,२०,००० रुपये होतात. त्यातल्या दोन खोल्या रिकाम्या राहिल्या आणि उरलेल्या आठ दहा महिने भरल्या, तर हाती ४,८०,००० येतात. मिळकतकर, टँकर, मोटारीचे वीजबिल, रंग आणि नळदुरुस्ती यांसाठी १,२०,००० वजा करा. राहिले ३,६०,०००. आता बांधकामासाठी ४० लाखांचे कर्ज १० टक्के व्याजाने काढले असेल, तर पहिल्या वर्षाचे नुसते व्याजच सुमारे ४ लाख होते. म्हणजे मुद्दल फेडणे दूरच, व्याजासाठीही घरातून भर घालावी लागते. हीच इमारत स्वतःच्या शिलकीतून, दोन टप्प्यांत, आधी चार खोल्या अशी उभी केली, तर चित्र वेगळे दिसते.

कर्जाबद्दल मी इतका आग्रही का आहे, ते सांगतो. मार्च २०२० मध्ये महाविद्यालये बंद झाली. मधला थोडा काळ सोडला तर नियमित वर्ग ऑक्टोबर २०२१ पर्यंत बसले नाहीत. खोल्या ओस पडल्या, हप्ते मात्र चालू राहिले. असे संकट रोज येत नाही हे खरे. परंतु साथ नसतानाही मागणी हलते. २०१० नंतरच्या दशकात राज्यात अभियांत्रिकीच्या हजारो जागा रिकाम्या राहिल्या. आपल्या शेजारच्या महाविद्यालयाने वसतिगृहाची नवी इमारत बांधली, तरी आपल्या चार खोल्या रिकाम्या होऊ शकतात. एकाच महाविद्यालयावर विसंबलेली चाळ ही एकाच व्यापाऱ्यावर विसंबलेल्या बागेसारखी असते. बांधतानाच लहान कुटुंबालाही राहता येईल अशी, स्वतंत्र मोरी व ओटा असलेली खोली काढावी. एका खोलीत पाच-सहा मुले कॉट बेसिसवर कोंबून मिळणारे जादा भाडे टिकत नाही. अभ्यासाला शांतता शोधणारा विद्यार्थी तेथून आधी निघतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. भारी काळ्या रानात बांधू नका. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि हलक्या पायाच्या भिंतींना तडे पाडते. शिवाय मुरूम-काँक्रीट पडलेले रान पुन्हा वहितीत आणणे जवळजवळ अशक्य असते. घरात एखादा खडकाळ, मुरमाड तुकडा असतोच, तो निवडावा. बिगरशेती आणि बांधकाम परवानगी आधी घ्यावी. २०१७ मध्ये अकरा व २०२१ मध्ये तेवीस गावे पुणे महानगरपालिकेत आली, तेव्हा ग्रामपंचायतीच्या काळातील कराचा अंदाज आता धरता येत नाही. स्वतः राहत्या घराला मिळकतकरात मिळणारी ४० टक्के सवलत भाड्याच्या खोल्यांना मिळत नाही.

जमीन शेतीची असली, तरी विद्यार्थ्यांकडून मिळणारे भाडे शेती उत्पन्न ठरत नाही, हेही लक्षात ठेवावे. ते आयकराच्या हिशेबात दाखवावे लागते. भरलेला मिळकतकर वजा केल्यावर उरलेल्या रकमेतून दुरुस्ती वगैरेंसाठी सरसकट ३० टक्के वजावट मिळते.

कराराबाबत सर्वत्र एक गैरसमज आहे. स्टँपपेपरवर लिहून नोटरी केली की काम झाले, असे आपण समजतो. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर वादात अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही नोंदणी आता ऑनलाइन होते. मुलाबरोबर त्याच्या पालकाचाही पत्ता आणि फोन घ्यावा, भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी, आणि अनामत रकमेची पावती न चुकता द्यावी.

शेवटी पाण्याविषयी, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्याकडे बोट दाखविले गेले. आपली विहीर, बोअर किंवा टँकर यांचे पाणी दुसऱ्याची मुले पितात. विहीर आणि शोषखड्डा यांत पुरेसे अंतर ठेवा आणि विहिरीला कठडा व झाकण करा. टाकी ठरावीक दिवसांनी घासून धुवा. ब्लिचिंग पावडरचे प्रमाण आरोग्य सेवकाकडून ठरवून घ्या आणि ओटी चाचणी करायला शिका. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक दिसले पाहिजे. पावसाळ्यापूर्वी एकदा पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत द्या आणि त्याचा अहवाल जिन्याजवळ लावा. मुलाला सोडायला आलेले आईवडील तो वाचतात.