गाव बदलले, खाते कोठे काढावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या मालवण किनाऱ्यावरच्या घराघरांतून बॅगा भरल्या जातात. कोणी कोल्हापूरला, कोणी रत्नागिरीला, कोणी मुंबईस मामूंकडे. सुकी मासळी, लोणच्याची बरणी, अंथरूण-पांघरूण सारे आठवणीने बांधून दिले जाते. परंतु मुलाचे पैसे तेथे कोणत्या बँकेत आणि कोणत्या अटीवर राहणार, हा प्रश्न एस. टी. सुटेपर्यंत कोणाच्या मनात येत नाही. मी इतिहासाचा शिक्षक; बँकेच्या कारभारावर बोलण्याचा माझा अधिकार तो काय? एवढाच, की या विषयाची फी मी स्वतः भरलेली आहे.

आठ वर्षांपूर्वी मी घाटावरून येथे नोकरीस आलो. आधीच्या गावी माझा पगार ज्या बँकेत जमा होई, ते पगाराचे खाते असल्यामुळे शिल्लक शून्य झाली तरी चालत असे. येथे पगार दुसऱ्या बँकेत सुरू झाला. जुन्या खात्यात साडेचार हजार होते, ते अडीअडचणीला असू देत म्हणून तसेच ठेवले. पगार येणे थांबले की असे खाते काही काळाने साधे बचत खाते होते आणि त्याला किमान शिल्लकीची अट लागते, हे मला ठाऊक नव्हते. दीड वर्षाने वडिलांच्या आजारपणात पैसे काढावयास गेलो, तो खात्यात छप्पन रुपये! वरचेवर दंड, आणि त्या दंडावर पुन्हा १८ टक्के जी. एस. टी. सूचनेचे संदेश माझ्या बंद पडलेल्या मोबाइल नंबरावर जात होते. निम्मी चूक माझी होती, हे मान्य केले पाहिजे.

ही किमान शिल्लक म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. पुष्कळ बँका महिन्याची सरासरी पाहतात. रोज संध्याकाळची शिल्लक लिहावयाची, बेरीज करावयाची आणि दिवसांनी भागावयाचे. समजा, अट २,००० रुपयांची आहे. एखाद्याच्या खात्यात ३० दिवसांच्या महिन्यात केवळ ५ दिवस १२,००० रुपये होते आणि पुढे शून्य. बेरीज ६०,०००, सरासरी २,०००. त्याला दंड नाही. दुसऱ्याने बिचाऱ्याने महिनाभर १,९०० रुपये हात न लावता ठेवले, त्याला दंड! आपल्याकडे आंब्याचे पैसे उन्हाळ्यात येतात आणि जून-जुलैत मासेमारी बंद असते. म्हणजे ज्या महिन्यांत घरात चणचण, त्याच महिन्यांत बँकेचा दंड. अलीकडे स्टेट बँकेने (२०२० साली) आणि पुढे इतरही काही सरकारी बँकांनी साध्या बचत खात्यावरील हा दंड बंद केला आहे. सगळ्यांनी केलेला नाही. म्हणून विचारून घ्यावे लागते.

आता मुख्य गोष्ट. रिझर्व्ह बँकेने २००५ साली बँकांना गरिबांसाठी साधे, कमी खर्चाचे खाते ठेवण्यास सांगितले आणि १० ऑगस्ट २०१२ च्या परिपत्रकाने त्याला ‘मूलभूत बचत खाते’ असे रूप दिले. यात किमान शिल्लक नाही, पासबुक फुकट, ए. टी. एम. कार्डाला वार्षिक आकार नाही. पैसे कितीही वेळा भरावेत. काढणे मात्र महिन्यातून चार वेळा विनामूल्य, त्यात ए. टी. एम.ही आले. हे खाते उत्पन्नाचा दाखला मागून अडवता येत नाही. मात्र ज्या बँकेत हे खाते, त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही, हे ध्यानात असू द्या.

एका शाखेत मी एका पालकांबरोबर गेलो होतो. खिडकीमागचे साहेब म्हणाले, “चाचा, झिरो बॅलन्स म्हणजे जनधन. तुम्ही बागायतदार, तुम्हाला ते नाही मिळायचे.” जनधन योजना २८ ऑगस्ट २०१४ ची, मूलभूत खाते त्याआधीचे आणि सर्वांसाठी आहे. मी म्हटले, “साहेब, ‘देत नाही’ असे अर्जावर लिहून द्या.” साहेब आत गेले, बाहेर आले आणि फॉर्म दिला. भांडावे लागले नाही, खात्याचे नाव ठाऊक असणे पुरले. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते, फोन १४४४८.

बँक कोणती? इमारतीची काच आणि आतला गारवा पाहू नका. आपले पैसे इकडून तिकडे जावयाचे आहेत. म्हणून जिची एक शाखा तुमच्या बाजारात आहे आणि दुसरी मुलाच्या वसतिगृहापासून पायी जाण्याच्या अंतरावर, ती बँक आधी पाहा. वडिलांनी येथे रोख भरले तर आकार पडतो का, तेही विचारा. त्याच बँकेत मुलाचे जुने खाते असेल तर नवीन काढूच नका. तोच खाते क्रमांक ठेवून शाखा बदलून मिळते. आधारवर गावचा पत्ता असला, तर सध्याच्या पत्त्याचे स्वतःचे घोषणापत्र चालते. त्यासाठी कोणा दलालाला पैसे देण्याचे कारण नाही.

पतसंस्थेबद्दल थोडे स्पष्ट बोलतो; कोणास राग येऊ नये. पतसंस्थेचे लोक आपल्या ओळखीचे असतात, दारावर येऊन पैसे नेतात. परंतु पतसंस्था म्हणजे बँक नव्हे. बँकेतील, मग ती सहकारी का असेना, ठेवीला ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतील ठेवीला तो नाही. शिक्षणाचा पैसा तेथे ठेवू नये, असे माझे मत आहे.

आपल्यातील काही वडीलधारी व्याज नको म्हणून बँकेची पायरीच चढत नाहीत. चालू खात्यावर व्याज नसते हे खरे, पण त्याची किमान शिल्लक बहुधा बचत खात्याहून मोठी असते. विद्यार्थ्याला ते झेपणारे नाही. व्याजाच्या रकमेचे काय करावे, ते ज्याने त्याने जाणत्यांना विचारून ठरवावे, त्यात मी पडत नाही. परंतु शिष्यवृत्ती आता हातात मिळत नाही, खात्यातच येते.

आणि नेमके तेथेच माझ्या एका विद्यार्थिनीचे नुकसान झाले. गावच्या खात्यात शिष्यवृत्ती येईल म्हणून घरचे सहा महिने वाट पाहत होते. मुलीने कॉलेजजवळ नवीन खाते काढताना फॉर्मवर आधार जोडणीची खूण केली होती. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या एकाच बँकेत जातात. ते त्या नवीन खात्यात गेले होते, आणि त्या खात्याला किमान शिल्लकीची अट होती. शिष्यवृत्तीतूनच दंड कापला गेला. तिला परीक्षेची फी भरण्यासाठी आईची अंगठी गहाण ठेवावी लागली. फॉर्मवरील ती चौकट वाचल्याशिवाय खूण करू नका.

जुने खाते वापरात ठेवावयाचे नसेल तर पैसे काढून ते रीतसर बंद करा. दोन वर्षे व्यवहार झाला नाही तर ते निष्क्रिय होते आणि दहा वर्षांनी त्यातील रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते. मागता येते, पण हेलपाटे पडतात.

मूलभूत खात्याच्या अर्जाचा मराठी मजकूर मी तयार केला आहे. ज्या पालकांची मुले यंदा बाहेर जात आहेत, त्यांनी पासबुक, आधारची झेरॉक्स आणि मुलाचे दोन फोटो घेऊन सोमवारी शाळा सुटल्यावर मला भेटावे. शनिवारी बँकेत जाणार असाल तर दुसरा किंवा चौथा नाही ना, तेवढे पाहून निघा.