खेळाची पुरवणी : पैसे द्यावेत का?

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मागच्या खुर्च्यांवर मोबाईल घेऊन बसलेली तरुण मंडळी, आजचा विषय मागच्या खुर्च्यांचा आहे. पण तो पुढच्या रांगांनी नीट ऐकावा, कारण पैसे त्यांच्या खिशातून जातात.

आपल्यापैकी बऱ्याच घरांचं मूळ कोटी, सुलतान बाजार, काचीगुडा भागातलं. तिथून आपण दिलसुखनगरला आलो, आणि इथे पोरांच्या वाट्याला आले ते गल्लोगल्लीचे कोचिंग क्लास. वर्षभर पोरं त्यात पिळून निघतात. परीक्षा संपली की कॉम्प्युटरपुढे बसतात आणि आठवड्याभरात मागणी येते, "बाबा, गेमचं एक्स्पान्शन घ्यायचंय." आपलं उत्तर ठरलेलं : "गेम घेऊन दिला ना? आता परत कसले पैसे?" वडिलांचा प्रश्न रास्त आहे. मुलाची मागणीही दर वेळी वेडगळ असते असं नाही. आम्ही दोन्ही बाजूंची वकिली करणार आहोत, फी न घेता.

आधी एक घोटाळा दूर करू. तेलंगणाने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून पैशाचे ऑनलाइन खेळ बंद केले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचाही कायदा आला. तेव्हापासून काही घरांत सगळेच गेम 'बंदीवाले' झाले आहेत. तसं नाही. बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकण्याच्या खेळांवर. आपण ज्याबद्दल बोलतोय त्यात काही लावायचं नसतं. दुकानातून वस्तू घ्यावी तसे पैसे देऊन खेळाचा पुढचा भाग घ्यायचा. तेव्हा पोराला जुगारी ठरवून उगाच परेशान करू नका. वाद घालायचा तर किमतीवर घाला.

रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात खेळणारा एखादं पात्र होतो. गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, निर्णय घेतो, हळूहळू बलवान होतो. पन्नास-शंभर तास सहज जातात. असा खेळ विकल्यानंतर कंपनी त्याची पुरवणी काढते. पूर्वी ती सीडीच्या डब्यात यायची. 'बॉल्डर्स गेट' हा खेळ १९९८ चा, त्याची पुरवणी १९९९ ची. आता ती इंटरनेटवरून उतरवून घ्यायची. पोरं तिला डीएलसी म्हणतात.

ज्येष्ठांना ही कल्पना नवी वाटायचं कारण नाही. महाभारताची अठरा पर्वं संपतात, आणि मग हरिवंश येतो. त्याला 'खिल' म्हणतात, म्हणजे पुरवणीच. कौरव-पांडवांची गोष्ट हरिवंशावाचून अडत नाही, ती पूर्ण झालेली असते. पण गोकुळातल्या कृष्णाचं बालपण हवं असेल तर ते मूळ पर्वांत सापडत नाही, हरिवंशातच सापडतं. चांगली पुरवणी अशी असते. तिच्यावाचून काही अडत नाही, पण घेतली तर हाती काहीतरी लागतं.

पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा 'द विचर ३' हा खेळ मे २०१५ चा. कंपनीने आधी बारीकसारीक सोळा गोष्टी फुकट दिल्या. मग दोनच मोठ्या पुरवण्या विकल्या. 'हार्ट्स ऑफ स्टोन' दहा डॉलरची, आणि पुढच्या मे महिन्यात 'ब्लड अँड वाइन' वीस डॉलरची. दुसरीत एक अख्खा नवा प्रदेश आहे, द्राक्षमळ्यांचा, आणि वीस तासांच्या आसपासची नवी गोष्ट. २०१६ साली 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग खेळाचं बक्षीस या पुरवणीला मिळालं, पूर्ण खेळांना मागे टाकून!

आता दुसरं टोक. 'ऑब्लिव्हियन' नावाच्या खेळात एप्रिल २००६ मध्ये घोड्याचं चिलखत विकायला काढलं. अडीच डॉलर. घोडा तोच, चाल तीच, अंगावर पत्रा. खेळणाऱ्यांनी जगभर टिंगल केली, आणि अनेकांनी विकतही घेतलं. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीने त्याच खेळाची 'शिव्हरिंग आइल्स' ही खरोखर मोठी पुरवणी काढली. म्हणजे कंपनीच्या नावावरून निवाडा करता येत नाही. (२०२५ मध्ये हा खेळ नव्या रूपात आला, तेव्हा महागड्या आवृत्तीत घोड्याचं चिलखत पुन्हा हजर. बेशरमपणाला दाद द्यायला हवी.)

आणखी एक तऱ्हा २००९ च्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स'मधली. तुमच्या छावणीत एक माणूस येऊन आपल्या घराण्याची दर्दभरी कहाणी सांगतो. तुमचा जीव कळवळतो, तुम्ही मदतीला तयार होता आणि तेवढ्यात पडद्यावर येतं की हा भाग वेगळा विकत घ्या. कीर्तनकाराने पूर्वरंग रंगवावा आणि आख्यानाला उभं राहताना तिकिटं काढायला सांगावीत, त्यातला प्रकार. आम्हाला घोड्याच्या पत्र्यापेक्षा याची चीड जास्त येते. पत्रा निदान गप्प उभा राहतो.

मग ओळखायचं कसं? आमचं डिप्लोमाचं शिक्षण आणि सरकारी बांधकामाची नोकरी, त्यामुळे आम्हाला आमच्याच टेबलावरची पद्धत सुचते. कंत्राटदार एक्स्ट्रा आयटमचं बिल घेऊन येतो. आम्ही आधी मूळ एस्टिमेट उघडतो. दरवाजा बसवणं कामात धरलेलं असेल आणि हा कडीचे वेगळे पैसे मागत असेल, तर बिल परत. पण मंजुरी घेऊन वर नवी खोली बांधली असेल, तर तिचं मोजमाप वेगळं आणि पैसेही वेगळे, त्यात कुरकुर नाही. पोराला हेच विचारा : "ही खोली आहे की कडी?" त्याला बरोबर माहीत असतं. चेहऱ्यावरून कळतं.

खोली असली तरी एक प्रश्न उरतो : खालचा मजला चढून झालाय का? 'एल्डन रिंग'ची 'शॅडो ऑफ द एर्डट्री' ही पुरवणी जून २०२४ मध्ये आली. चाळीस डॉलर, आणि मूळ खेळ साठचा. काम अस्सल आहे, लहानसहान नाही. पण मूळ खेळातले राडान आणि मोग हे दोन दांडगे शत्रू पाडल्याशिवाय तिचं दारच उघडत नाही. राडानकडून रोज मार खाणाऱ्या पोराने ती घेतली, तर चाळीस डॉलर बंद दारापुढे बसून राहतील. पोरं हे सांगत नाहीत. त्यांना वाटतं, पुढच्या आठवड्यात पडेल.

म्हणून आमचं मत : मूळ खेळ संपल्याशिवाय पुरवणी घेऊ नये. खेळाबरोबर आगाऊ विकला जाणारा 'सीझन पास' तर नकोच. न बांधलेल्या खोलीचं बिल कोण पास करतं? थांबण्यात फायदाही आहे. 'विचर ३'च्या दोन्ही पुरवण्यांसकट एकत्र आवृत्ती ऑगस्ट २०१६ मध्येच आली, आणि सेलमध्ये ती मूळ किमतीच्या अगदी थोड्या पैशांत मिळते. स्टीमवर उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात मोठे सेल असतात, किमती रुपयांतच दिसतात.

तरुण मंडळी म्हणतील, बनवणाऱ्यांनी खायचं काय? खरं आहे, काम केलं त्याला दाम मिळावा. पण दाम मिळवायचे रस्ते अनेक. 'बॉल्डर्स गेट ३' २०२३ मध्ये आला. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीने त्याची पुरवणी विकलीच नाही. एप्रिल २०२५ पर्यंत भर घालत राहिले, तीही फुकट. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' घ्या. तो काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग नाही, पण हरवलेल्या भावाला शोधणाऱ्या मुलीची गोष्ट आहे, आणि २०२० मध्ये आलेला हा खेळ घराघरात दाखवावा असा आहे. २०२२ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली, ती आधी विकत घेतलेल्यांना मोफत. छोटी कंपनी, मोठं मन.

पुढच्या रांगांसाठी व्यवहाराचं थोडं. हा माल आपल्या मालकीचा होत नाही, वापरायचा परवाना मिळतो. वाचून झालेलं पुस्तक शेजारच्या वहिनींना द्यावं, तसं नाही करता येत. खातं मुलाच्या नावाचं असेल तर पासवर्ड घरात ठाऊक असू द्या, आणि कार्ड त्यात साठवून ठेवू नका. स्टीमवर पुरवणी पसंत पडली नाही तर चौदा दिवसांच्या आत, आणि घेतल्यापासून मूळ खेळ दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर, पैसे परत मागता येतात. तेव्हा घेतली त्याच संध्याकाळी मुलाच्या शेजारी खुर्ची टाकून बसा आणि घड्याळ लावा.