घर विकण्याआधीची ओली भिंत

चिंचवडचा आमचा वन बीएचके विकायला काढला, तेव्हा एजंट म्हणाला, "ओल आलीय तिथे पुट्टी मारा, रंग द्या, पावसाळ्याआधी उरका." मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण भिंत आतून ओली असताना रंग दिला की पुढे पोपडे सुटतात, पांढरे क्षार फुटतात. तोवर घर दुसऱ्याचं. तोही आपल्यासारखाच ईएमआयवाला.

बाबा म्हणाले, "आधी गळती शोध." वरच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधे उघडे पडले होते. वरच्या काकूंना विनंती करून ते भरून घेतले, भिंत पूर्ण वाळू दिली, मगच रंग. बाकी माळा रिकामा केला, ट्यूब बदलल्या. देव्हारा आईनं शेवटपर्यंत हलवू दिला नाही.

घेणाऱ्यांना ती भिंत मीच दाखवली. त्यांनी 50 हजार कमी करायला सांगितले. केले.