दानापूर्वीची विचारपूस

(सुवर्ण महोत्सवानिमित्त कळंबोली येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपत्ती कोसळली की समाजाची करुणा जागी होते. धान्याची पोती, ब्लँकेटे, जुने कपडे घेऊन ट्रक निघतात. परंतु त्यांतील कोणती वस्तू कोणाच्या उपयोगी पडेल, हा प्रश्न बहुधा ट्रक रिकामा झाल्यावर विचारला जातो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदांच्या भाराखाली गाडली गेली. देश-विदेशांतून साहाय्य आले. १९९४ मध्ये जागतिक बँकेने सुमारे २४.६ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. नुकसानीच्या पाहणीनुसार गावांची वर्गवारी झाली. ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. कमी हानी झालेल्या घरांसाठी दुरुस्ती व बळकटीकरणाची योजना आखली गेली.

तथापि पडलेल्या भिंती मोजणे आणि माणसाची गरज जाणणे, ही दोन भिन्न कामे आहेत. नव्या गावांचे रुंद, सरळ रस्ते नकाशावर नेटके दिसले. पण जुना शेजार तुटला, शेत लांब गेले, गुरांना आणि कडब्याला जागा अपुरी पडली. पुढे दुरुस्तीच्या योजनेत गावोगावच्या महिलांना ‘संवाद सहायक’ नेमण्यात आले. त्या घरोघरी जाऊन योजना समजावीत आणि अडचणी ऐकून घेत. चुलीची जागा कोठे हवी, हे त्या घरातील स्त्रीलाच ठाऊक असते.

त्याच आपत्तीत भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी सुमारे १२०० भूकंपग्रस्त मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. शिधा काही दिवस पुरतो. मुलाच्या शिक्षणाची गरज अनेक वर्षांची असते, हे त्यात ओळखले गेले.

आंतरराष्ट्रीय मदतकार्यात ‘स्फिअर’ मानके प्रमाण मानली जातात. माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, असे त्यांचे माप आहे. ही मापे उपयुक्त आहेत. पण माणसे किती आणि कोण, हे ठाऊक असेल तरच.

कळंबोलीला हा विषय दूरचा नाही. खाडीलगतच्या सखल भूमीवर सिडकोने हा नोड वसवला. भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले की येथील पाण्याचा निचरा अडतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्या प्रलयात कळंबोलीतही तळमजल्यांत पाणी शिरले. अशा वेळी केवळ शिधापत्रिकांवरून यादी केली, तर पोलाद बाजारातील परप्रांतीय मजूर आणि ट्रकचालक तिच्यात सापडणारच नाहीत.

म्हणून यादी पावसाळ्यापूर्वी व्हावी. तळमजल्यावर एकटे वृद्ध कोण, डायलिसिसचे रुग्ण कोण, गर्भवती कोण, भाड्याच्या खोलीत दाटीने राहणारे किती, याची नोंद प्रत्येक सोसायटीने ठेवावी. पूर ओसरताच तीच यादी घेऊन कार्यकर्त्यांनी दारोदार जावे आणि दर आठवड्याला ती पुन्हा तपासावी. कारण पहिल्या दिवशी पाणी मागणारा माणूस पंधराव्या दिवशी काम मागत असतो.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशी चार दाने परंपरेने सांगितली आहेत. समोरच्याला त्यांपैकी कोणते हवे, हे विचारण्याची नम्रता दात्याने अंगी बाणवावी, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र!