गोठ्यात दिवा न्यायचा, पण कसा?



आज गोठ्यातल्या दिव्याविषयी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

घरात वीज असते. गोठा मात्र अंगणापलीकडे अंधारात असतो. रात्री गाय व्यायला झाली, तर बॅटरी धरून किती वेळ उभे राहायचे? पायाखाली विंचू आला, तर दिसणार कसा? गोठ्यात दिवा हवाच. पण तो नेताना मी एकदा चुकलो. ती चूक आज तुम्हांला सांगतो.

१९९४ साली आमच्या गोठ्यावर नवे पत्रे घातले. मी दुकानातून दोन पदरी वायर आणली. घरातल्या दिव्यातूनच फाटा काढला. वायर लिंबाच्या फांदीवरून नेली आणि पत्र्याच्या कडेवरून आत सोडली. बल्ब लागला. वायरमनचे पैसे वाचले, म्हणून मी खूश झालो.

वारा सुटला, की वायर पत्र्यावर घासायची. घासून घासून तिचे वरचे कातडे गेले. पुढे म्हसवडला परतीचा पाऊस झाला. भल्या पहाटे म्हैस ओरडली, म्हणून माझी पत्नी चरवी ठेवून धावली. म्हैस लोखंडी खांबाला साखळीने बांधलेली होती. ती खाली पडून तडफडत होती. पत्नी साखळी सोडायला वाकली. तेवढ्यात शेजारी ओरडला, "वहिनी, थांबा! हात लावू नका!"

मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. पत्नी वाचली. म्हैस गेली.

शाळेत मी मुलांना विजेचा पाठ शिकवत होतो. आणि माझ्याच घरी ही गत! एक गोष्ट तर माझ्या डोक्यातून जाईना. म्हैस मरत होती, तरी बल्ब जळतच होता. फ्यूज उडाला नव्हता. असे का झाले?

नीट ऐका. फ्यूज तार जळू नये म्हणून असतो. एका अँपिअरचे हजार भाग करा. ५ अँपिअरचा फ्यूज असे ५,००० भाग सुखाने जाऊ देतो. पण माणसाचा जीव जायला १०० भागही पुरतात. म्हणून नुसत्या फ्यूजवर विसंबू नका.

मग जीव कोण राखील? दोघे जण.

पहिले अर्थिंग. गोठ्याकडे जाणारी वायर तीन पदरी घ्या. तिसरा पदर अर्थिंगचा. गोठ्याचे पत्रे आणि लोखंडी खांबही अर्थिंगला जोडून घ्या. चुकार वीज मग त्या वाटेने जाते आणि फ्यूज उडतो. पण अर्थिंगला ओल लागते. आपल्या माणदेशात माणगंगेचे पात्रच कितीदा कोरडे असते! मग माळावरच्या मुरमाचे काय? म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर पाणी ओतत जा.

दुसरी ई.एल.सी.बी. नावाची पेटी. ती मेंढक्यासारखी आहे. मेंढका सकाळी मेंढरे मोजून सोडतो, संध्याकाळी मोजून आत घेतो. एक कमी भरले, की तो शोध घेतो. ही पेटी गेलेली वीज आणि परतलेली वीज सतत ताडून पाहते. हजारातले ३० भाग कमी भरले, की डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज तोडते. तिच्यावर तपासणीचे बटण असते. ते महिन्यातून एकदा दाबा. वीज गेली, तर पेटी चांगली आहे. गेली नाही, तर वायरमनला बोलवा.

आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवा.

हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. गोठ्यासाठी मीटरच्या बोर्डावर वेगळा स्विच आणि वेगळा फ्यूज घ्या. कडबाकुट्टीचे यंत्र लावणार असाल, तर आधीच सांगा. त्याला जाड वायर लागते.

वायर वरून न्यायची, तर पक्क्या खांबांवरून न्या. कडब्याची गाडी खालून गेली पाहिजे. झाड, पत्रा, कपड्यांची तार यांना वायर लागू देऊ नका. जमिनीतून न्यायची, तर लोखंडी कवचाची केबल घ्या. ती अडीच फूट खोल पुरा. वर वाळू टाका, विटा मांडा आणि मग माती लोटा.

बल्ब आणि वायर जनावराच्या तोंडाला व शिंगाला लागणार नाहीत, अशी ठेवा. जनावराला विजेचा धोका जास्त असतो. त्याचे पुढचे पाय आणि मागचे पाय लांब असतात. ओल्या जमिनीतून आलेली वीज त्यांच्यामधून छातीतून जाते.

आणि कुणाला धक्का बसलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मग १०८ ला फोन करा.

आज आमच्या गोठ्यात दिवा आहे. ती पेटीही आहे. दर महिन्याच्या एक तारखेला पत्नी बटण दाबते. वीज गेली, की म्हणते, "राखणदार जागा आहे." मगच ती धार काढायला जाते.

तुमच्या गोठ्याचा राखणदार जागा आहे का? आज घरी गेल्यावर एवढे बघा.